अब्बांच्या मेंदूचं माप

अब्बांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या, तेव्हा मी पुण्यात बसून मेंदूच्या फोटोवरून अल्झायमर लवकर ओळखणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. बाह्यांची गोष्ट मला कळली ती ईदला मुरुमला आले तेव्हा. तिथल्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी दरवर्षी आमच्याकडं शिरखुर्मा प्यायला यायचे. त्यांचे कपडे अब्बा माझ्या जन्माच्या आधीपासून शिवत होते. निघताना चपला घालता घालता त्यांनी मला दारात थांबवलं.

"बाई, जरा तुझ्या अब्बांकडं बघ," ते हळू आवाजात म्हणाले. "शर्टाचं काय न्हाय, मी घालतोच आहे. पण त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

त्यांनी उजवा हात पुढं करून दाखवला. काखेपाशी कापड ओढलं जात होतं आणि छातीवर तिरकी घडी पडली होती. बाहीच्या वरच्या गोलाईत पुढची बाजू मागच्यापेक्षा जरा खोल कापतात, म्हणून डावी ती डावीच आणि उजवी ती उजवीच. मी सात-आठ वर्षांची असताना अब्बांनीच मला हे खडूनं आखून दाखवलं होतं. मी गुरुजींना म्हटलं, नजर कमी झाली असेल. "असेल," असं म्हणून ते गेले. मीही तेच धरून बसले.

आमचं दुकान मुरुमच्या बाजारपेठेतल्या एका बोळात, आणि घर दुकानाच्या मागं. मधे फक्त एक पडदा. आलूर-कदेरकडची माणसं, पलीकडून कर्नाटकातली माणसं, नेहरू शर्ट, पायजमे, बंड्या शिवायला यायची. अब्बा गिऱ्हाईक बघून मराठी नाहीतर कानडी बोलायचे, आणि पडद्याच्या आत आले की दखनी उर्दू. आमच्या घरात दखनी आणि मराठी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या होत्या, की कोणतं वाक्य कशात बोललं गेलं ते आता मला सांगता यायचं नाही. म्हणून आठवतं तसं मराठीत लिहिते.

सॉफ्टवेअरचं काम माझ्या पोटापाण्याचं नव्हतं. नोकरी वेगळी होती. हे रविवारचं आणि सुट्टीचं. पाच-सहा देशांतली आम्ही थोडी माणसं, बहुतेकांनी एकमेकांना कधी समोरासमोर पाहिलेलं नाही. जे लिहायचं ते सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं, कोणीही फुकट वापरावं, कोणीही दुरुस्त करावं. मेंदूच्या आत, कानांच्या जरा वर, दोन्ही बाजूंना करंगळीएवढा एक भाग असतो. नवीन गोष्ट लक्षात ठेवायचं काम तो करतो, आणि या आजारात बहुतेक वेळा तोच आधी आकसायला लागतो. एमआरआयच्या फोटोत त्या भागाची कड शोधायची, त्याचं आकारमान काढायचं, आणि त्या वयाच्या निरोगी माणसांशी ताडून बघायचं, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करतं. कड शोधायचा भाग माझ्याकडं होता.

अब्बांना मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. ते काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हंजे तू बी मापंच घेतीस."

"व्हय. पण मी कापत न्हाय, शिवत न्हाय."

"मंग अर्धंच काम झालं की बेटा," ते म्हणाले आणि हसले.

त्या ईदनंतर मी घरूनच काम करायची परवानगी काढून महिनाभर मुरुमला राहिले. तेव्हा दिसायला लागलं. एकच माप ते वहीत दोनदा लिहायचे. माणूस बोळात वळला की नुसत्या चालीवरून त्याची छाती किती इंच हे सांगणारे अब्बा, समोरच्या माणसाला टेप लावून आकडा बोलायचे आणि खडू हातात घेईपर्यंत विसरायचे. मला विचारायचे, "कितीला म्हणलो?" मी आकडा सांगायचे. अम्मी पडद्याआड भाजी निवडत बसलेली असायची आणि मान वर करायची नाही.

आम्ही तिघं सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी अब्बांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: आंबा, खुर्ची, रुपया. मग शंभरातून सात सात वजा करायला लावले. आयुष्यभर इंचांत वावरलेला माणूस, त्यांनी ते डॉक्टरांच्या आधी केलं. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "छान! आता ते तीन शब्द?"

अब्बांनी डॉक्टरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कोणते शब्द?"

एमआरआयच्या खोलीबाहेर तंत्रज्ञानं नेहमीसारखं विचारलं, अंगावर धातूचं काही आहे का. अब्बा म्हणाले, काही नाही. तेवढ्यात अम्मी पुढं झाली. तिनं त्यांच्या शर्टाच्या पट्टीतून एक सुई काढली. कॉलरच्या आतून दुसरी. मग खिशाच्या आत बोट घालून तिसरी. तंत्रज्ञ बघतच राहिला. त्या यंत्रातल्या चुंबकानं सुईचं काय केलं असतं ते मला माहीत होतं, आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. अम्मीनं तिन्ही सुया स्वतःच्या ओढणीच्या टोकाला टोचून ठेवल्या आणि बाकावर जाऊन बसली.

फोटोच्या अहवालात लिहून आलं: वयोमानानुसार सौम्य बदल. पण शब्दांच्या चाचणीमुळं डॉक्टरांना शंका होती. त्यांनी गोळ्या सुरू करायच्या का ते ठरवण्यासाठी पंधरा दिवसांनी बोलावलं. मी सीडी मागून घेतली.

मुरुमला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, अब्बा जोहरच्या नमाजाला गेले असताना, मी कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तो फोटो आमच्या सॉफ्टवेअरला दिला. मापाला बराच वेळ लागतो. आकडा आला तो त्या वयाच्या माणसाला शोभणारा नव्हता. डावीकडं कमी, उजवीकडं आणखी कमी. मी कड स्वतः तपासली, एकेक काप पुढं सरकवत. सॉफ्टवेअरनं नीट आखलं होतं. मी लिहिलेल्या भागात त्या दिवशी एक चूक सापडली असती तर मला केवढा आनंद झाला असता!

एक आशा तेवढी होती. आम्ही ज्या निरोगी माणसांशी ताडून बघायचो ती जवळजवळ सगळी परदेशी शहरांतली, पुष्कळ शिकलेली माणसं होती. चौथीपर्यंत शिकलेला, आयुष्यभर पायडल मारलेला मुरुमचा शिंपी त्यांच्यात एकही नव्हता. कोण जाणे, आमच्याकडच्या माणसांची मापंच वेगळी असतील. हा मुद्दा कोणीतरी गटात पूर्वी काढला होता आणि तो मागं ठेवायला मीच सांगितलं होतं, आधी कड नीट होऊ द्या म्हणून. मी गटातल्या एका वयस्कर बाईंना लिहिलं. त्या आयुष्यभर मेंदूचे फोटो वाचत आलेल्या डॉक्टर. त्यांचं उत्तर आलं, की फरक असू शकतो, पण इतका नाही. पुढं त्यांनी लिहिलं होतं, की असे फोटो आपल्याकडं नाहीत, वडिलांची हरकत नसेल तर हा खुल्या संग्रहात घेता येईल का, हे त्यांना विचार.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आजार बरा होत नाही, थोडा वेळ मिळतो, हेही सांगितलं.

संमतीचं मी अब्बांना सकाळी विचारलं, कारण सकाळी ते बरेचसे पहिल्यासारखे असायचे.

"माझ्या डोक्याचा फोटो? कोणाला पायजे तो?"

"दुसऱ्यांचा आजार लवकर कळायला कामाला येईल."

"त्यात माझं नाव?"

"नाव न्हाय, गाव न्हाय."

"मंग दे की," ते म्हणाले. "कापड जुनं झालं तरी नमुन्याला चालतं." आणि सही केली, ठसठशीत, एका दमात.

फोटो खुला करायच्या आधी त्यातला चेहरा पुसावा लागतो. एमआरआयमध्ये नुसता मेंदू नसतो. सगळे काप एकावर एक रचले की नाक, ओठ, कान, सगळं माणूस उभं राहतं, आणि ओळखू येतं. मी रचून पाहिलं. पाठीवर झोपलेले अब्बा, डोळे मिटलेले, यंत्रातल्या उशांनी कान दाबलेले, खालचा ओठ जरासा सुटलेला. करडा, गुळगुळीत, पण अब्बाच. मी आज्ञा दिली. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग कापून निघाला.

अम्मी कधी मागं येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"हे कोण व्हतं?"

"अब्बा."

"मंग पुसलंस कामून?"

"नियम हाय अम्मी. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून."

ती खाली बसली. मग म्हणाली, "मला लई आधीच ठाव होतं."

त्या दुपारी तिनं जे सांगितलं ते ऐकताना मी लॅपटॉप बंद करायचंही विसरले. तीन वर्षांपासून अब्बा चुकत होते. कधी कॉलर उलटी, कधी खिसा उजवीकडं, कधी एकाच्या मापात दुसऱ्याचं कापड. ते नमाजाला गेले की अम्मी पडदा सारून दुकानात यायची, शिवलेले कपडे उलटेपालटे करून बघायची, चुकलेलं उसवायची आणि ते परत यायच्या आत पुन्हा शिवून जागेवर ठेवायची. कापडच चुकीचं कापलं गेलं, तर तसलंच कापड बाजारातून आणून नवं शिवायची. त्यांना कळू दिलं नाही, गिऱ्हाइकाला कळू दिलं नाही. गुरुजींचा शर्ट तेवढा तिच्या हातातून सुटला, कारण त्या दिवशी ती तापानं पडली होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. "मी हेच काम करते, अम्मी! ह्याच आजाराचं!"

"सांगितलं असतं तर तू दुकान बंद केलं असतंस."

"नसतं केलं."

ती माझ्याकडं बघून नुसती हसली. त्या हसण्यात राग नव्हता.

दोन महिन्यांनी दुकान मी बंद केलं.

कारण होतं. अब्बा चालू इस्त्री उभी न करता कापडावर आडवी ठेवून चहा प्यायला आत गेले, आणि धूर बोळात गेला तेव्हा समोरचा चहावाला धावत आला. टेबलाची एक कड जळाली, तेवढ्यावर भागलं. मी पुण्याहून निघून संध्याकाळी मुरुमला पोचले आणि सकाळी शटर ओढून कुलूप लावलं. कात्री, इस्त्री, ब्लेड, सगळं एका पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली, आणि पुन्हा घरूनच काम करायची परवानगी काढून मुरुमला राहिले. अम्मी म्हणाली, "मी बसते ना त्यांच्याजवळ. इस्त्री काढून टाक, मशीन तरी राहू दे." मी ऐकलं नाही. मला वाटत होतं की या घरात आजार कळणारी मी आहे.

नंतर जे झालं ते फार वेगात झालं. अब्बा रोज सकाळी आंघोळ करून, टेप गळ्यात घालून शटरसमोर जाऊन उभे राहायचे. कुलपाला हात लावायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, "आज बंद का हो?" ते म्हणायचे, "किल्ली आणायला गेलीया पोरगी." आठवडाभर हसू आलं लोकांना, मग लोक दुसऱ्या बोळानं जायला लागले. घरात आले की ते हाताला लागेल त्या कापडाची कड चिमटीत धरून बसायचे, पडद्याची, माझ्या ओढणीची, आणि पुटपुटायचे, "टेरिकॉट... सुती... सुती." काम होतं तोवर त्यांच्या हातांना वाट ठाऊक होती. डोकं चुकायचं, पण हात त्याला ओढून नेत होते. मी त्यांचे हातच काढून घेतले. सहा महिन्यांत ते मशीनवर दोरा ओवायचाही विसरले. शेवटी मीच मशीन त्यांच्यासमोर आणून ठेवलं, तेव्हा त्यांनी फक्त चाकावर हात ठेवला.

वर्षभरानं मी त्यांना पुन्हा सोलापूरला नेलं. मी अम्मीला सांगितलं की डॉक्टरांना बघायचंय. खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या फोटोची गरज अब्बांना नव्हती, डॉक्टरांनाही नव्हती. मला होती. एकाच माणसाचे वर्षाच्या अंतरानं दोन फोटो मिळाले, की आकसण्याचा वेग काढता येतो. यंत्राचा ठोक्यांचा आवाज सुरू झाला आणि अब्बा आतून अम्मीला हाका मारायला लागले. अम्मी आत जाऊन त्यांचे पाय धरून उभी राहिली, दोन्ही हातांनी, तळवे चोळत. तरी ते थरथरत होते. तंत्रज्ञानं मधेच थांबवलं. आणलेला फोटो मी सॉफ्टवेअरला दिला तर पहिल्याच पायरीवर उत्तर आलं: हालचालीमुळं फोटो वापरण्याजोगा नाही. ती तपासणीही माझीच लिहिलेली.

परत येताना जळकोटला चहाला थांबलो तेव्हा अम्मी एवढंच म्हणाली, "आता पुरे."

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सकाळी मी त्यांना चहा द्यायला गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अदबीनं सरकून खाटेवर जागा केली आणि म्हणाले, "या ताई. बसा. कोणाचं माप द्यायचंय?"

अब्बांनी मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

मी बसले. मग म्हटलं, "माझ्या वडिलांचं."

"ते कुठं हायत?"

"घरी आहेत. येता येत न्हाय त्यांना."

"काय हरकत न्हाय," ते म्हणाले. "त्यांचा एक जुना सदरा आणा. त्याच्यावरनं घेतो."

मी आत जाऊन त्यांचाच एक सदरा आणून दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला, खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "शिवण चांगली हाय," ते म्हणाले. "कोणी शिवला?"

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. उमरग्याच्या दवाखान्यात चार दिवस होते. शेवटचे दोन दिवस ते फक्त कानडी बोलत होते, आणि मला कानडी येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, कोणाला तरी सांगतायत, परवा या, परवा नक्की देतो.

मातीला पुष्कळ माणसं आली. निम्म्यांच्या अंगात अब्बांनी नाहीतर अम्मीनं शिवलेले कपडे होते. कोणते कोणाचे, ते एकट्या अम्मीला माहीत.

मी चार महिने सॉफ्टवेअरला हात लावला नाही. परत बसले तेव्हा कडेचं काम दुसऱ्याला दिलं आणि एकच गोष्ट मागितली. आकड्यांच्या पानाच्या खाली घरच्यांसाठी एक पान असावं, ज्याच्या त्याच्या भाषेत. गटात यावर बरेच दिवस वाद झाला. हे मोजायचं साधन आहे, सल्ला द्यायचं नाही, असं काहींचं म्हणणं. ते चूक नव्हतं. वयस्कर डॉक्टरबाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि पान झालं. मराठीतलं मी लिहिलं. त्यात पहिलंच वाक्य आहे: हातातलं काम एकदम काढून घेऊ नका, शेजारी बसा.

सोलापूरचे डॉक्टर आता ते सॉफ्टवेअर वापरतात. त्यांनीच एका बाईंना माझा नंबर दिला. जळकोटजवळ शेती, नवरा साठीचा, नुकताच आकडा कमी आलेला. त्यांनी फोनवर विचारलं, "ते पान वाचलं मी. पण ह्यांना रानात जाऊ द्यायचं का? विहीर हाय तिथं."

"विहिरीला जाळी बसवून घ्या," मी म्हटलं. "आणि तुम्ही बरोबर जा."

"रोज?"

"रोज."

त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. माझ्या घरी अम्मी रोज बसायला तयार होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात संग्रहात निरोगी माणसांचे फोटो घ्यायला सुरुवात झाली, आमच्या भागातल्या, थोडं शिकलेल्या, वय झालेल्या माणसांचे. त्यांच्याशी ताडल्याशिवाय आमच्या आकड्यांना इथं पुरता अर्थ नाही. मी अम्मीला विचारलं. घाबरत विचारलं. ती पडद्याला नवी किनार लावत होती.

"घ्या की," ती म्हणाली. "पण मला काय ते सांगायचं न्हाय."

"न्हाय सांगणार."

"आन् तू बी बघायचं न्हाय."

मी म्हटलं, मी न बघता कसं होईल, तपासावं लागतं. तिनं दोरा दातानं तोडला.

"दुसरं कोणतरी बघंल. लई माणसं हायत म्हणतीस ना तुमच्यात? तू बघितलंस तर मंग रोज माझ्याकडं तसंच बघशील."

सोलापूरला काढलेल्या तिच्या फोटोची सीडी मी चेहरा पुसायलासुद्धा न उघडता तशीच बंद पाकिटात डॉक्टरबाईंकडं पाठवली. त्यांनी काम करून फोटो संग्रहात घातला. मला त्यांनी काही कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. फाईलचा क्रमांक मला माहीत आहे. माझ्याच लॅपटॉपवरून ती उघडता येते. काल अम्मीनं चहात साखर दोनदा घातली. मी तो चहा प्यायले, आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.